आपला परिसर कोणता?



जैसलमेरच्या पोस्टिंगवर लिहा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. वाळूची वादळं, उन्हाळ्यात तापलेली गाडीची पत्र्याची बॉडी, रात्रीची थंडी, हे सगळं ओघात येईलच. पण त्या दोन-अडीच वर्षांतली मला सगळ्यात जास्त आठवणारी गोष्ट म्हणजे आमच्या धाकटीचा पाचवीचा एक गृहपाठ. आज त्याच्यावरच लिहितो.

२०११ साल. मी तेव्हा नायब सुभेदार. नशिबानं फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. धाकटीनं पहिली बेळगावला केली, तिसरी जालंधरला, चौथी तेजपूरला आणि पाचवीला ती जैसलमेरला आली. फौजीच्या पोराला हे नवीन नाही. ट्रंका उघडायच्या आत नव्या शाळेचा गणवेश शिवायला टाकायचा, हे आपल्या सगळ्यांच्या घरी झालेलं आहे.

त्या शाळेत परिसर अभ्यास हा विषय हिंदीतून होता. पुस्तकाचं नाव 'आस-पास'. एनसीईआरटीचं. आपल्या वेळी इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, विज्ञान अशी वेगवेगळी खाती असायची. ह्या पुस्तकात सगळं एकत्र. पाण्याचा धडा असला तर त्यातच राजाचा इतिहास, त्यातच बायकांनी डोक्यावरून वाहिलेल्या घागरी, त्यातच पावसाचं विज्ञान. मला पहिल्यांदा ते पुस्तक विस्कळीत वाटलं होतं. सनावळ्या नाहीत, व्याख्या नाहीत, पानोपानी नुसते प्रश्न. विचारा, बघून या, लिहा.

त्यात एक धडा होता घडसीसरवर. जैसलमेरचा राजा घडसी यानं लोकांना हाताशी धरून साडेसहाशे वर्षांपूर्वी बांधलेला तलाव. तो भरला की जादाचं पाणी पुढच्या तलावात, तिथून त्याच्या पुढच्या, असे एकाला एक जोडलेले नऊ तलाव. वर्षभराचं पाणी त्यातून निघायचं. त्याच धड्यात हजार वर्षांपूर्वी भारतात आलेला अल्-बिरुनी होता. इथले लोक तलाव बांधण्यात किती तरबेज आहेत, हे बघून तो चकित झाला होता. देशभरातली पोरं हा धडा कुठल्यातरी लांबच्या गावाचा म्हणून वाचत होती. आमच्या पोरीला तो तलाव शाळेच्या बसनं वीस मिनिटांवर होता.

धड्यावरून बाईंनी गृहपाठ दिला. आजी-आजोबा तुमच्याएवढे होते तेव्हा पाणी कुठून यायचं? ती जागा आज आहे का? कशी आहे? आपल्या परिसराबद्दल लिहा.

संध्याकाळी मी रोल कॉल आटपून घरी आलो, तर ही वही उघडून बसलेली. म्हणाली, "पप्पा, आपला परिसर कोणता?"

मी म्हणालो, "हाच की. जैसलमेर."

"पण आजी-आजोबा तर इथं नव्हते."

"मग आपलं गाव लिही."

"गावात मी राहिलेच नाही. सुट्टीत जातो फक्त."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी आपलं म्हणालो, आबांना फोन लाव.

आता थोडं माझ्या शाळेबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात, पण तिथला पाऊस आम्ही पुस्तकातच बघितला. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलीमीटरही धड पडत नाही. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल, चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास. ते चौथीचं पुस्तक तुमच्यापैकी कोणी विसरलं असेल, असं मला वाटत नाही. भरती होताना अर्ध्या पोरांच्या डोक्यात तेच असतं. प्रतापगड, पन्हाळा, पावनखिंड.

आमच्या तिसरीच्या गुरुजींची एक वेगळी तऱ्हा होती. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगून ते म्हणायचे, ह्यात तुमचं घर शोधा. सापडायचं नाही. मग म्हणायचे, चला दाखवतो. आणि सगळी तिसरी घेऊन ओढ्याच्या कडेनं आमच्या वस्तीवरच्या बारवेवर यायचे.

ती बारव आमच्या रानात होती. घडीव दगडाची, ३८ पायऱ्यांची. आत उतरताना डाव्या हाताला दिव्याचा कोनाडा. साताऱ्याजवळच्या लिंब गावात शाहू महाराजांच्या काळातली बारा मोटेची विहीर आहे, ती लोक लांबून बघायला येतात. आमची तसली नव्हती. शिलालेख नाही, महाल नाही. कोणी बांधली, कधी बांधली, कोणाला माहीत नव्हतं. सातबारा आमच्या नावावर, पाणी मात्र सगळ्या वस्तीचं.

गुरुजी आम्हाला पाण्यावरच्या उघड्या पायऱ्या मोजायला लावायचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. मग वर्गाच्या भिंतीवर गेरूनं आखलेल्या तक्त्यात तो आकडा लिहायचा. दिवाळीत दहा-बारा पायऱ्या उघड्या असायच्या. होळीला वीस. वैशाखात तीस, बत्तीस. मग एखाद्या वर्षी जूनमध्ये आकडा खाली यायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. तो परिसर अभ्यास होता, हे तेव्हा कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं, गुरुजींना वर्गात बसायचा कंटाळा आहे.

आता फोनवर परत येतो. स्पीकर चालू होता. धाकटीनं प्रश्न वाचून दाखवला आणि आबा सुरूच झाले. बहात्तरचा दुष्काळ. आबा तेव्हा सत्तावीसचे. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे, आजी टोपलं घेऊन पाझर तलावाच्या कामावर. पोरांना सुकडी मिळायची. खायला परदेशातून आलेली लाल मिलो. धाकटी हिंदीत भराभर लिहून घेत होती आणि मला मिलोचं हिंदी विचारत होती.

"आन् पाणी म्हणशील तर," आबा म्हणाले, "आपली बारव त्या साली बी आटली न्हाय. तीन वस्त्या पाणी न्यायच्या. रातचं कंदील लावून बाया पाळीला बसायच्या. तुझ्या पणज्यानं कुणाला न्हाय म्हणलं न्हाय."

"मग आता ती बारव कशी आहे, आबा?"

फोनवर काहीच आवाज आला नाही. मला वाटलं लाईन कट झाली. मग आबा म्हणाले, "ते तुझ्या पप्पाला इचार."

मंडळी, २००३ सालची गोष्ट. माणमध्ये मोठा दुष्काळ होता, जनावरं छावणीत. मी वर फील्डमध्ये. त्याआधीच्या दहा वर्षांत वस्तीच्या चहूबाजूंनी बोअर झाले होते. दोनशे फूट, तीनशे फूट, ज्याला जेवढं परवडेल तेवढं खोल. बारवेचं पाणी तळाला गेलं, मग दिसेनासं झालं. त्यात नळयोजना आली आणि बारवेत कचरा पडायला लागला. त्याच वर्षी आम्ही जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. पैसे माझे. आबांनी एसटीडीवर विचारलं होतं, "पडवी म्होरं घ्यायची तर बारव आडवी येतीया. काय करू?"

मी म्हणालो, "बुजवून टाका. नाहीतरी आटलीच आहे. उद्या पोरंबाळं पडतील त्यात."

दोन मिनिटांचा फोन. मागं पोरं लाईनीत उभी होती. बारा-चौदा ट्रॉल्या मुरूम लागला, असं नंतर पत्रातून कळलं. सुट्टीवर आलो तेव्हा वर सिमेंटचा कोबा झालेला होता आणि मला तो आवडला होता. मोटारसायकल लावायला चांगली जागा झाली.

हे मी लेकीला सांगितलं का? लगेच नाही. मी म्हणालो, "लिही, आटली म्हणून."

आबा अजून फोनवरच होते. म्हणाले, "आटली नव्हती रं. पाणी खाली गेलतं."

धाकटीनं पेन्सिल थांबवून माझ्याकडं बघितलं. मग मी सगळं सांगितलं. तिनं काही विचारलं नाही. वही घेऊन आत गेली. काय लिहिलं ते मी बघितलं नाही, बघायची हिंमत झाली नाही म्हणा.

आठवड्यानं शाळेची सहल घडसीसरला निघाली. युनिटकडून गाडी मिळायची आणि गाडीबरोबर एक जेसीओ. सुभेदार मेजर साहेब म्हणाले, तुमची पोरगी आहे त्या वर्गात, तुम्हीच जा.

घडसीसर ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे. पिवळ्या दगडाच्या छत्र्या, घाट, आणि दारातच टीलोची पोळ. टीलो नावाच्या गणिकेनं ती वेस बांधली. तिच्या वेशीखालून आपण जायचं का, असं राजाच्या लोकांना वाटायला लागलं. वेस पाडायची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिनं वर देवाची मूर्ती बसवून टाकली. मग पाडणार कशी? पोरांना ही गोष्ट फार आवडली.

बाई त्याच भागातल्या होत्या. त्यांनी पोरांना तलावाकडं पाठ करून उभं केलं आणि समोरचं माळरान दाखवलं. म्हणाल्या, तलाव म्हणजे फक्त हे पाणी नव्हे. पाणी जिथून वाहत येतं तो आगोर आधी बघा. पूर्वी आगोरात घाण करायची सोय नव्हती. लोक स्वतःच तो झाडून काढायचे. इथं वर्षाला दीड-दोनशे मिलीमीटर पाऊस. त्यातला थेंब वाया गेला तर परत मिळणार नाही.

मग त्यांनी पाण्याचे तीन प्रकार सांगितले. आभाळातून पडून तलावात साठतं ते पालर पाणी. विहिरीतून खोलवरून काढतात ते पाताळ पाणी. आणि तिसरं रेजाणी पाणी. वाळूच्या खाली काही ठिकाणी खडिया दगडाचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि त्या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. लोक तिथं अरुंद कुईं खणतात. दिवसभरात दोन-तीन घागरी गोडं पाणी मिळतं. कुईं एका घराची असते, पण ती ज्या जमिनीत खणायची ती जमीन गावाची. म्हणून नवी खणायची तर गावाला विचारायला लागतं, कारण ओलावा सगळ्यांचा एकच.

हे ऐकताना मी गाडीजवळ उभा होतो. सातबारा आमचा, पाणी वस्तीचं. ते बुजवताना मी वस्तीला विचारलं होतं का? मी विचारलं नाही आणि नळ आलेला असल्यामुळं कोणी बोललंही नाही.

इंदिरा गांधी कालव्याचं पाणी १९८७ साली जैसलमेरकडं पोचलं. पंजाबातल्या हरिकेपासून सहाशे किलोमीटरच्या वर येतं ते. आम्हा फौजींनाही त्याचाच आधार होता. आता घडसीसरातही ते पाणी सोडतात. बाईंनी तेही लपवलं नाही. म्हणाल्या, कालवा आला, लोकांची तहान भागली, ते चांगलंच झालं. पण आगोर झाडायचं मात्र लोक विसरले.

मग छत्रीच्या सावलीत पोरांना बसवून गृहपाठ वाचायला सांगितला. आणि मंडळी, तो तास मी कधी विसरणार नाही. फौजींची पोरं ती. कुमाऊँची एक मुलगी उठली, म्हणाली आमच्या गावात नौला आहे, झऱ्यावर बांधलेली छोटी दगडी खोली, आजी चप्पल काढून आत जायची. बिहारचा एक पोरगा आहर आणि पईन सांगत होता, आहर म्हणजे तीन बाजूंनी बांध घातलेलं तळं आणि पईन म्हणजे नदीचं पाणी शेतात आणणारा कालवा. तामिळ पोरानं एरी सांगितली. लडाखची एक पोरगी म्हणाली, बर्फ वितळून दिवसभर थेंब थेंब येतं, ते आम्ही झिंगमध्ये साठवतो आणि सकाळी शेताला सोडतो. केरळचा म्हणाला, आमच्यात प्रत्येक घराला विहीर. अर्ध्या हिंदुस्थानचं पाणी त्या एका छत्रीखाली बसलं होतं. जी जागा पुस्तकात सापडली नसती, ती पोरांनी फोनवरून आजीकडनं आणली होती.

आमची धाकटी उठली. बारव सांगितली, ३८ पायऱ्या सांगितल्या, कंदील लावून बसलेल्या बाया सांगितल्या. मग तिनं वाचलं, "यह बावड़ी अब नहीं है। पापा ने बंद करवा दी, क्योंकि उन्हें लगा पानी ख़त्म हो गया है। पानी नीचे था।"

मी गाडीच्या टायरकडं बघत राहिलो.

बाई काही बोलल्या नाहीत. थोडं थांबून त्यांनी पोरांना विचारलं, आणखी कोणाच्या घरी अशी जागा बंद झाली? वर्गात पस्तीसेक पोरं असतील. वीस-बावीस हात वर आले. नौलेवाल्या मुलीचाही हात वर होता. माझा बिहारी ड्रायव्हर शेजारी उभा होता, तो हळूच म्हणाला, "साब, हमारा भी।"

त्या रात्री मी आबांना फोन केला. म्हणालो, चूक झाली माझी. आबा म्हणाले, "तू सांगितलंस खरं, पर ट्रॅक्टर म्याच बोलावला व्हता." दोघंही त्यावर पुढं काही बोललो नाही. मग त्यांनी जनावरांचं विचारल्यासारखं नातीचं विचारलं, जेवली का म्हणून.

पुढच्या वर्षी, २०१२ ला, पाऊस गेला. मी मे महिन्यात सुट्टीवर गेलो त्याच्या आधीच टँकर सुरू झाले होते. वस्तीत टँकर उभा करायला सपाट जागा एकच, आमच्या पडवीपुढचा कोबा. पोरं, बाया, प्लॅस्टिकच्या घागरी, भांडणं, सगळं आमच्या दारात. टँकर बरोबर बारवेवर उभा राहायचा. आबा खुर्ची टाकून बसायचे आणि बघत राहायचे.

आपण फौजी माणसं. नव्या पोस्टवर गेलं की पहिला प्रश्न पाण्याचा. पाण्याचा पॉइंट कुठं, गाडी कधी येणार, माणशी किती लीटर. हे मी पंचवीस वर्षं केलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही तेच आहे. गड बांधायचा तर आधी पाणी बघा. नसेल तर खडक फोडून टाकी करा, आणि नुसत्या एका झऱ्याच्या भरवशावर राहू नका. चौथीच्या वर्गात आम्ही लढाया पाठ केल्या. गडावरची टाकी मात्र सहलीत खडे टाकायच्या कामाची होती. गड महिनोन् महिने लढला तो त्या टाक्यांवर, हे मला कुठल्यातरी पोस्टवर बाउजरची वाट बघताना कळलं. आणि कळूनही घराच्या बाबतीत मी ते लावलं नाही.

२०१७ ला मी पेन्शन घेऊन घरी आलो. त्याच उन्हाळ्यात माण तालुका वॉटर कपमध्ये होता. गावोगाव श्रमदान चाललेलं. धाकटी अकरावीची परीक्षा देऊन आली होती. ए-फ्रेम घेऊन डोंगरावर समतल रेषा आखायचं काम तिनं आणि गावातल्या चार पोरींनी केलं. मी त्यांच्या मागं टिकाव मारत होतो. बेळगाव सेंटरला रंगरूट असताना उस्ताद ओरडायचा, तसं ती मला ओरडायची. पप्पा, चर वाकडा चाललाय.

बारव उघडायचं आम्ही बघितलं. गवंडी आणला, त्यानं डोकं खाजवलं. पडवीचे दोन खांब तिच्या काठावरच आहेत. मुरूम काढला तर घर खचेल. शेवटी छताचं पाणी पाईपनं आणून कोब्याच्या कडेला शोषखड्डा केला, एवढंच. त्यातून किती पाणी खाली जातं, मी सांगू शकत नाही. आबा २०१९ ला गेले. शेवटपर्यंत त्यांची खुर्ची तिथंच असायची.

आता मी एक काम करतो. गावच्या सार्वजनिक विहिरीला आतून रंगानं फुटाच्या खुणा मारून घेतल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी साडेदहाला मी जिल्हा परिषद शाळेच्या दारात जातो आणि तिसरी-चौथीची पोरं घेऊन विहिरीवर जातो. गुरुजी परवानगी देतात, एक बाई बरोबर येतात, मी कठड्याला दोर बांधून घेतलाय. पोरं खुणा वाचतात, आकडा वर्गातल्या तक्त्यात लिहितात. गेरू मिळाला नाही म्हणून मार्कर वापरतो. मागच्या पहिल्या तारखेला पाणी १९ फुटांवर होतं.

धाकटी आता नोकरीला आहे. मी हे लिहितोय म्हटल्यावर तिनं ती पाचवीची वही शोधून पाठवली. वरती तिच्या अक्षरात शीर्षक आहे, 'हमारा इलाक़ा'. त्याखाली तिनं गावाचं नाव लिहिलेलं आहे. तालुका, जिल्हा, सगळं. जैसलमेर नाही.

सर्व्हिसमध्ये असलेल्या पोरांना एकच सांगणं. ह्या सुट्टीत घरी गेलात की म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या, पाणी कुठून यायचं. पोराला बरोबर बसवा. आणि ती जागा अजून असेल, तर घराचा नकाशा तिच्यापासून चार हात लांब ठेवा.

जय हिंद. जय शिवराय.